वळकटीची निरगाठ

माय, आज सकाळपासून हात गार पडलेत, म्हणून तुला लिहायला बसले. तू असतीस तर लिहिलं नसतं. स्वयंपाकघरात तुझ्या मागे नुसती उभी राहिले असते.

देवगाव फाट्यावरचा तो दिवस आठवतो. मी पहिल्यांदाच होस्टेलला निघालेय, वळकटी जीपच्या टपावर चढवायचीय आणि तू मी बांधलेली दोरी सोडून पुन्हा बांधतेयस. "सुरगाठ मारलीस व्हय गं? वाटंतच सुटंल की! लय शाळा शिकलीस, निरगाठ येत न्हाई?" दोरीचं टोक तू दातांत धरून ओढतेस. जीपवाला हसतो, "मावशी, पोरगी कुऱ्हाड बी न्यायलीय का संगं, सोडायला?" तू मागे न बघता म्हणतेस, "सोडायला न्हाई बांधली. पोचायला बांधली." होस्टेलवर ती गाठ मला खरंच सुटली नाही. वळकटी दाबून दोरी तशीच सरकवून काढली. ती अजून माझ्याकडे आहे.

पुढे मी काय शिकले ते तुला कधी नीट सांगता आलं नाही. आता परभणीच्या कॉलेजात शिकवते आणि उरल्या वेळात प्रबंधाचं काम करते. काही पदार्थांची अवस्था तुझ्या निरगाठीसारखी असते. त्यांच्या कडेने वीज वाहते आणि लहानसहान खोट आडवी आली तरी वाट सोडत नाही. ओढा, वाकवा, गाठ ती गाठच. माझा सगळा प्रबंध यावरच उभा आहे. पण कागदावर मी तो पदार्थ जगापासून तोडून, एकटा धरला होता. खरा पदार्थ कशावर तरी ठेवलेला असतो. भोवतालची उष्णता त्याच्यात शिरते, त्याच्यातलंही थोडं बाहेर झिरपतं. "हे हिशेबात धरलं तर तुमची कडेची वाट टिकते का?" माझ्या मार्गदर्शक सरांनी एवढंच विचारलं. सोमवारी उत्तर द्यायचंय. टिकली नाही तर आजवर लिहिलेलं बहुतेक खोडावं लागेल, आणि या वयात पुन्हा सुरुवात करायची ताकद माझ्यात आहे का, मला माहीत नाही.

परवा ती दोरी काढून बघितली. गाठ दगडासारखी घट्ट आहे. तिच्या शेजारची दोरी मात्र कुजलीय, बोट लावलं की भुगा होतो. गाठीला काही झालेलं नाही, माय. ओल दोरीला लागली. इतकी वर्षं मी गाठच तेवढी तपासत बसले होते.

मघाशी लेकीने दारातून विचारलं, "आई, झालं का तुझं गणित?" मी म्हटलं, चालू आहे अजून. ते खरं नाही. सरांच्या प्रश्नाचं गणित कॉम्प्युटरने सकाळीच सोडवलंय. उत्तर मी अजून उघडलेलं नाही. हे पत्र संपलं की बघायचं, असं स्वतःशी ठरवलंय, म्हणून उगाच लांबवतेय.