नेट नाही म्हणून

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

गेली! दिवाळीला आली काय आणि गेली काय — चार दिवस. सकाळी चांदवड स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसवून घरी आलो, तर सुधा ओट्यापाशी पाठमोरी उभी. डब्यात उरलेल्या चकल्या मोजत होती की रडत होती, विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळं माझ्यावरच आलं असतं. निवृत्त झाल्यावर नाशिकरोडची कॉलनी सोडून गावी घर बांधायची हौस माझीच. तिच्या मैत्रिणी, भिशी, भाजीबाजार, सगळं तिकडे राहिलं आणि लेक पुण्याला.

पण काल रात्री जेवताना यशश्री जे बोलली ते मी नीट ऐकलं आहे. सुधा म्हणाली, राहा की गं महिनाभर. तर ही म्हणाली, ‘राहिले असते आई, पण इथे नेट नाही ना. काम कसं करणार?’

एवढंच? मग अडलंय कुठे! पाणी नाही, डॉक्टर नाही, असं म्हणाली असती तर मी गप्प बसलो असतो. नेट म्हणजे आणून लावायची वस्तू. तिच्या पुण्यातल्या खोलीचा भाडेकरार नोव्हेंबरअखेर संपतोय. त्याआधी या घरात असं नेट लावून दाखवतो की पुण्यात नसेल.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून ही वही याच कामाला.

चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांच्या शीटा तपासल्या. शाई पसरली, आकडा सरकला, काठ हलला — लाल पेन्सिल, बाद. माझ्या टेबलावरून खोटी शीट पुढे गेली असं कोणी सांगावं! तीच शिस्त इथे लावायची. दुकानदार काय सांगतो ते ऐकायचं नाही. आपण वापरायचं, आपण तपासायचं, मग ठरवायचं.

दिवसातून चार वेळा तपासणी: सकाळी सात, अकरा, दुपारी चार, संध्याकाळी साडेसात. प्रत्येक वेळी आधी मोबाईलवर स्पीड बघायचा, मग पाच मिनिटं व्हिडिओ कॉल. समोरच्या टोकाला यशश्रीच. जिच्यासाठी माल घ्यायचा तिनेच पास करायला हवा.

शेजारचा धनराज बांधावरून ओरडला, ‘तात्या, टाकीजवळ उभं राह्यलं की येती ना रेंज! कशाला खटाटोप?’ लेकीने काय पाण्याच्या टाकीवर बसून नोकरी करायची?

२७ ऑक्टोबर, सोमवार

अकराला यशश्रीला फोन केला. ऑफिसला किती स्पीड लागतो, लिहून पाठव म्हटलं. ‘कितीही चालेल हो पप्पा.’ कितीही म्हणजे किती? काही मोजमाप? ‘साधारण चांगलं असलं की झालं. तुम्ही एवढं नका मनावर घेऊ.’

आजकालच्या पोरांना नेमकं बोलता येत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीत कसं चालतं कोण जाणे. मीच वीस एमबीपीएस धरला. वीसच्या खाली गेलं की बाद.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पहिला उमेदवार आला — सिमकार्ड घालायचा डबा. खिडकीत ठेवला, हायवेच्या बाजूला. सकाळी सातला बत्तीस! अकराला अठ्ठावीस! यशश्री पडद्यावर लख्ख. तिच्या कुर्त्यावरच्या बुंदक्या मोजता आल्या. सुधा मागून डोकावून, ‘किती वाळलीयेस गं!’ मी म्हटलं, मधे येऊ नकोस, तपासणी चालू आहे.

संध्याकाळी साडेसात: तीन.

२ नोव्हेंबर, रविवार

सिमकार्डचा डबा बाद. कारण साधं आहे. दिवसभर गाव शेतात असतं, टॉवर मोकळा. संध्याकाळी सगळे घरी येतात आणि जो तो मोबाईल उघडून बसतो. शिवाय लाईट जाऊन दोन तास झाले की टॉवरही मान टाकतो. काल तेच झालं. यशश्रीचं तोंड उघडं, आवाज नाही. तशीच थिजून राहिली. सुधा घाबरली! म्हटलं, पोरगी ठीक आहे, टॉवर गेलाय.

डबा परत करत नाही. कपाटात ठेवलाय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरा उमेदवार. गच्चीवर ताटलीएवढी छत्री. डोंगरावरच्या टॉवरकडे तोंड करून बसवायची, मधे काही आडवं यायला नको, एवढीच अट. बसवणाऱ्या दोघांनी तीन तास घेतले. मी खाली उभं राहून डावीकडे-उजवीकडे सांगत होतो. एक जण म्हणाला, ‘काका, तुम्ही आत बसता का जरा?’

आकडे उत्तम. चाळीस, एक्केचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. शीट अशी छापून यावी.

एक गोष्ट नोंदवायला हवी. यशश्री दरवेळी पहिल्या रिंगला फोन उचलते. अकराला, चारला, ऐन ऑफिसच्या वेळेत. कंपनी चांगली दिसते, माणसाला बापाशी बोलू देते. आम्हाला मोबाईल गेटवरच ठेवून आत जावं लागायचं.

१० नोव्हेंबर, सोमवार

काय म्हणावं या धनराजला! काल मका मळून झाला आणि आज चाऱ्याची गंजी रचली, नेमकी माझ्या छत्रीच्या समोर. आकडा चाळीसवरून सहावर.

बांधावर गेलो. शांतपणे समजावलं. तो कमरेवर हात ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘तात्या, म्हंजी म्या माझी गंजी हलवायची? तुमच्या नेटसाठी? गाया काय खातील, नेट?’ आणि हसायला लागला. मलाही हसू आलं, पण दाखवलं नाही.

त्याचं चुकत नाही. आज गंजी आहे, उद्या झाड वाढेल, परवा कोणी माडी चढवेल. दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारी वस्तू भरवशाची नाही. छत्री बाद.

सुधाला वाटलं मी खचलो. मुळीच नाही! दोन बाद झाले म्हणजे तिसरा जवळ आला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तिसरा — वायर. चांदवडचा केबलवाला कुंदन मोटारसायकलवर आला. तिशीतला, खांद्यावर वेटोळं. हायवेपर्यंत त्याची काचेच्या धाग्याची वायर आहेच, तिथून चौदा खांब घेत आमच्या दारात आणायची. मी विचारलं, वायर तुटली तर? ‘तुटल की काका. वायर हाय, तुटणारच. पन मी येतो ना!’ किती वेळात? ‘फोन केला की निघलोच.’ तुला फोन लागला नाही तर? कुंदनने सुधाकडे बघितलं. ‘काकू, हे साहेब कुठं होते नोकरीला?’

दुकानदाराने तोंडावर सांगावं की माझा माल तुटणार, असा पहिलाच भेटला. मला आवडला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शंभर! चारही वेळा शंभर! हाताने आकडे लिहिताना मजा येते.

यशश्रीला म्हटलं, बघ, आता बॅग भर. ती हसली. ‘अजून बघा थोडे दिवस पप्पा. घाई नका करू.’ बरोबर बोलली. माझीच लेक. दोन दिवसांच्या आकड्यांवर पास करणारा तपासनीस कसला?

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा शंभरच. लिहायला काही नाही. चारच्या तपासणीत पाच मिनिटांची वीस झाली. ती विचारत होती, आपल्या मळ्यात यंदा कांदा लावलाय का, आईचे गुडघे कसे आहेत, माझ्यासाठी ठेवलेली खोली रिकामी आहे का. रोज चार वेळा लेक दिसते, बोलते. गेल्या सहा वर्षांत मिळून एवढं बोललो नसू. हे कुठल्या रकान्यात लिहायचं कळत नाही, म्हणून इथे लिहिलं. फार बरं वाटतं. मला ती इथे हवी आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तुटली.

दुपारी दोन वाजता चाऱ्याने खच्चून भरलेला ट्रॅक्टर शाळेजवळून गेला आणि वायर घेऊनच गेला. कुंदनला फोन केला. लागला. आला. शिडी लावून, उन्हात उभं राहून जोडली. पाच चाळीसला चालू. म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं बंद!

चारची तपासणी कोरी. लाल पेन्सिल काढली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज घरात मोठं भांडण झालं. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी मी कुंदनला फोन करून सांगत होतो की तुझी वायर बाद. सुधाने हातातून फोन घेतला आणि बंद केला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

‘तो पोरगा उन्हात शिडीवर चढला. तीन तासांत जोडून दिली. आणि तुम्ही बाद करता?’

मी म्हटलं, उद्या ऐन मीटिंगमध्ये तुटली तर नोकरी कोणाची जाईल?

‘अहो, तिला नेट हवंय, नोट नकोय!’ मग थांबली नाही. ‘दहावीला ब्याण्णव टक्के आणले पोरीने. पेढे आणायच्या आधी तुम्ही काय विचारलंत? आठ कुठे गेले! ती अजून हसून सांगते ते लोकांना, पण मला माहीत आहे ती हसत नाही. जन्मभर तपासलंत तिला. आता ती यायची म्हणते तर तिची वाटही तपासत बसलाय. एक डाग दिसला की बाद! मग बसा वही घेऊन. ती यायची नाही.’

मी अंगणात जाऊन बसलो. माझं म्हणणं असं की मी आठ टक्के कौतुकानेच विचारले होते. हे तेव्हा सांगायला हवं होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सुधा बोलत नाही. भाजीत मीठ मात्र अगदी बरोबर. म्हणजे राग खरा आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे फिरून येताना ठरवलं.

न तुटणारी वस्तू शोधत होतो, तिथेच चूक झाली. पुण्यात काय तुटत नाही? तुटल्यावर येणारा माणूस कोण आणि तो येईपर्यंत भागवायचं कशावर, एवढंच बघायचं असतं. तुटल्यावर येणारा कुंदन आहे. भागवायला कपाटातला सिमकार्डचा डबा आहे — दिवसा तो बत्तीस देतो, आणि ऑफिस दिवसाच असतं! लाईट गेली तर छोटा इन्व्हर्टर. वायर मुख्य, डबा राखीव. झालं!

कुंदनला फोन करून सांगितलं, तू पास. तो म्हणाला, ‘काका, मला वाटलं निकाल मार्चमधी लागल.’

सुधाला सांगितलं. ‘बरं,’ म्हणाली. थोड्या वेळाने न मागता चहा आणून ठेवला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

यशश्रीला रीतसर अहवाल पाठवला. वहीच्या पानांचे फोटो — सगळे आकडे, तुटल्याची वेळ, जोडल्याची वेळ, काही लपवलं नाही. शेवटी लिहिलं: घर तुझ्या कामाला योग्य आहे. करार वाढवू नकोस. ये. तुझ्या खोलीत टेबल लावलं आहे, खिडकीकडे तोंड करून. खाली सही केली. सवयीने तारीखही टाकली.

पत्र म्हणून वाचलं तर कोरडं आहे. पण ती माझी भाषा ओळखते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तिने वाचलं आहे. उत्तर: ‘बघते पप्पा.’

बघते काय? बघण्यासारखं काही ठेवलंच नाही मी!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अकराला आणि चारला कॉल केला. उचलला नाही. साहेबाशी बोलत असेल. गावी राहून काम करायची परवानगी काढायची तर चार सह्या लागणारच. आमच्याकडे रजेच्या अर्जालाच पाच लागायच्या. काळजीचं कारण नाही. सुधाने तिच्या खोलीची गादी उन्हात घातली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

यशश्री आली. न कळवता. दुपारी रिक्षातून उतरली. दोन बॅगा, एक गादीची वळकटी. लॅपटॉप नाही. तो कंपनीचा होता, तिने जुलैमध्येच परत केला. नोकरी तेव्हाच गेली आहे.

दारातच म्हणाली, ‘नेट नाही म्हणून येत नाही, एवढं एकच सांगण्यासारखं होतं माझ्याकडे पप्पा. तुम्ही तेही ठेवलं नाहीत.’

पंधरा-वीस दिवस, दिवसातून चार वेळा, मी तिचा चेहरा बघत होतो. चित्र फुटतंय का, तेवढंच पाहिलं.

आत झोपली आहे. सुधा तिच्या दाराशी पाट टाकून बसली आहे. कोणाला आत सोडत नाही. मलाही नाही.