शंभरात ब्याण्णव माद्या

९ जानेवारी
मांदेलीचे नर जातात कुठे? मला खरंच माहीत नाही! ऑक्टोबरपासून दर रविवारी परळच्या बाजारात चंपामावशींकडून पंचवीस मांदेल्या घेते, घरी लांबी मोजते, पोट चिरून बघते. शंभरात ब्याण्णव माद्या – अंड्यांच्या गाभोळीने भरलेल्या! मांदेली थव्याने किनाऱ्याजवळ फिरते. मग नर वेगळा थवा करून राहतात की काय? एकाही पुस्तकात नाही.

आई म्हणते, "इतक्या शिकान शेवटी मासळीच मोजतंस?" मोजून झाली की तळते तीच. तेव्हा तक्रार नसते.

१४ जानेवारी
आकडे बघून माझे गाईड रमाकांत सर खुर्चीतून उठलेच! "नवीन आहे हे. परिषदेत पेपर तूच वाचायचास." मी! घरातली पहिली पदवीधर – आणि थेट परिषद!

१५ जानेवारी
बाबांनी चाळीच्या चारही मजल्यांवर पेढे वाटले. "पोरीनं माशात शोध लावला!" सुनंदाकाकूंनी विचारलं, "कुठल्या माशात?" "मांदेली." काकूंचा चेहरा पडला. त्यांना निदान देवमासा हवा होता.

१८ जानेवारी
चंपामावशींना पेपरचं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. "अगो, नर त्या टोपलीत हायत! तू पयल्याच दिवशी ईचारलंस, गाभोळी हाय का? म्हनलं, पोरीला आवडते. तवापासून अंगठ्यानं पोट दाबून तुझ्यासाठी येचून ठेवते. बाकीची गिऱ्हाइकं भांडतात माझ्याशी!"

मी अभ्यासासाठी विचारलं, त्यांना वाटलं खाण्यासाठी. साडेतीन महिने मी मांदेली मोजतच नव्हते. चंपामावशींची माया मोजत होते!

२० जानेवारी
पेपर मागे घेतला तर बाबा चाळीत काय तोंड दाखवणार? नाही घेतला तर कुणाला कळणारही नाही.
मला कळलंय ना पण.

२१ जानेवारी
बाबा आज वाण्यालाही सांगून आले.

२५ जानेवारी
पहाटे चंपामावशींबरोबर भाऊच्या धक्क्यावर, बोटींतून मासळी उतरते तिथे गेले. त्या सारख्या म्हणत होत्या, "ती नको, ही घे!" मी डोळे मिटून शंभर उचलल्या. चिरल्या. माद्या चौपन्न.
सरांना मेल केला – पेपर मागे घेते. पेढे मात्र मागे घेता येत नाहीत. म्हणून आईकडून शंभरच्या शंभर तळून घेतल्या, चारही मजल्यांवर दारोदार वाटल्या आणि प्रत्येक दारात खरं सांगून आले. ताट बाबांनी धरलं होतं.