शिवफेरी आणि इव्हसनचं फाटक

मंगळवार, ६ मे. सायंकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटं.

अन्याय नेमका या वेळी झाला. गावच्या हॉलमधल्या घड्याळाकडे बोट दाखवून मी वेळ मोठ्याने सांगितली. शेजारची बेरिल म्हणाली, "अगं फिलो, आठ अडतीस झालेत." दोन्ही काटे सारख्या लांबीचे बसवले की असंच होणार.

गावसमितीने यंदाच्या शिवफेरीची पुढची काठी, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालायचा मान, जाइल्स पेनरोजला दिला. हा माणूस चार वर्षांपूर्वी लंडनहून आला. नारिंगी जॅकेट घालून मेंढ्यांना घाबरवतो. रोगेशन रविवारी, म्हणजे पिकांसाठी प्रार्थना करायच्या रविवारी, आमच्या थॉर्नबेक गावाची शीव चालायची आणि शिवेचे सातही दगड विलोच्या काठ्यांनी बडवायचे, ही रीत कुणी चालवली इतकी वर्षं? मी. सात वर्षांची असताना वडिलांनी आणि काकांनी मला उलटी धरून तिसऱ्या दगडावर डोकं आपटलं, शीव कुठे आहे ते मुलीच्या लक्षात राहावं म्हणून. राहिलं.

पेनरोजकडे म्हणे फोनमध्ये नकाशा आहे. मी उभी राहून विचारलं, त्या फोनचं डोकं कुठल्या दगडावर आपटलं होतं? सगळे हसले. ठराव तरीही मंजूर.

समितीच्या अध्यक्षा मिसेस टॅटरसॉल म्हणाल्या, "मिस गार्साइड, गेल्या वर्षी तुम्ही सगळ्यांना दलदलीतून नेलंत हो. चर्चच्या व्हिकारबाईंचा बूट अजून तिथेच आहे."

ते शिवेचं जुनं वळण होतं. इतिहासाची कुणाला कदर नाही.

बुधवार, ७ मे

निश्चय: शिवफेरीच्या आधी संपूर्ण शीव एकटीने चालून दाखवायची. मग बोला म्हणावं.

नवा नकाशा आणला. छपाई फिकट. पायवाटांच्या हिरव्या रेघा पूर्वी ठळक असायच्या, आता शाईतही काटकसर. बेरिल म्हणाली, डोळे दाखवून ये, मी गाडीने नेते. मी म्हटलं, नकाशा दाखवून ये. तिने नकाशा घडी घालून परत दिला. बेरिल अशी समजूतदार वागते तेव्हा मला फार राग येतो.

शनिवार, १० मे

निघाले. ऊन कडक. पाऊस नाही, ओढ्याला पाणी बेताचं. सँडविच (अंडं), थर्मास, काठी.

पहिला दगड सापडला. दुसरा खाजकुइलीत होता, पायाने सापडला.

तिसरा, म्हणजे माझा, लांबूनच ओळखला. पांढरा, गोल, गडग्याला टेकलेला. रीतीप्रमाणे काठीने तीनदा बडवला. तो उठला आणि निघून गेला.

मेंढपाळ डग इव्हसनने मेंढ्यांना वाटेल तिथे झोपू देऊ नये. समितीला कळवणार.

परतताना मन उद्विग्न. त्यात समोर फाटक सताड उघडं! कुरणाचं फाटक उघडं टाकून जाणारा माणूस चर्चमध्येही टोपी काढत नसणार. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, उघडं फाटक आणि उघडं तोंड, दोन्हींतून नको ते बाहेर पडतं. ओढून घट्ट लावलं. खिट्टी सैल वाटली म्हणून दोरीने बांधलं, मिशनला कपड्यांची पार्सलं पाठवताना आम्ही मारायचो त्या गाठीने. ती गाठ आफ्रिकेपर्यंत सुटत नसे.

निदान एक काम तरी धड झालं. घरी येऊन गाढ झोपले.

सोमवार, १२ मे

भयंकर बातमी. डग इव्हसनच्या मेंढ्या वरच्या कुरणात कोंडल्या गेल्या होत्या. ओढ्याकडे उतरायचं फाटक कुणीतरी बंद केलं. डग बहिणीकडे लग्नाला गेलेला. या उन्हात पाण्यावाचून. आज सकाळी आला तेव्हा दोन कोकरं मेलेली आणि एक मेंढी जेमतेम जिवंत.

दुकानात डग उभा होता. एवढा धिप्पाड माणूस, हातात पावाची पिशवी, पैसे द्यायचे विसरला. म्हणाला, "दोरी चाकूने कापावी लागली. असली गाठ जन्मात पाहिली नाही."

फाटक जसं दिसेल तसं ठेवावं, हा गावाचा पहिला नियम. मी दोन पिढ्यांना शिकवलाय. आणि काल दुपारी त्या बाजूला कोण फिरत होतं? नारिंगी जॅकेट. तरुणपणी तो शिडाच्या होड्या चालवायचा, स्वतःच सांगतो. गाठी कुणाला येतात?

मी लावलं ते फाटक वेगळं. ते बरंच खाली होतं. किंवा वर. निराळंच.

गुरुवार, १५ मे

दुकानाच्या काचेवर माझी सूचना लागली आहे. नाव घेतलेलं नाही; "अलीकडे स्थायिक झालेले, नारिंगी जॅकेट वापरणारे गृहस्थ" एवढंच.

पेनरोज म्हणतो, मी फाटकाला हात लावला नाही. लांबूनच बंद दिसलं म्हणून बंद ठेवलं, नियमच तसा आहे. काय ही निगरगट्ट सफाई!

समितीने काठी काढून घेतली. शिवफेरी माझी. मिसेस टॅटरसॉल स्वतः सांगायला आल्या, केक घेऊन. मी केक ठेवून घेतला.

रविवार, १८ मे

झोप लागत नाही. चीजमुळे असेल. रात्रीचं चीज बंद.

काल पेनरोज दुकानात आला. त्याने दूध घेतलं, सगळ्यांना "येतो" म्हणाला, कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही. जॅकेट राखाडी होतं. घर विकायचं म्हणतोय असं बेरिल सांगते. मी म्हटलं, विकू दे. ती म्हणाली, "तू त्या शनिवारी कुठून परत आलीस गं?" मी म्हटलं, वाटेने.

रविवार, २५ मे. शिवफेरी.

वारा होता, ऊन होतं. अर्धं गाव, मुलांच्या हातात काठ्या, व्हिकारबाई नव्या बुटांत. पुढची काठी माझ्याकडे. बेरिलला हल्ली वाटेत आधार लागतो, म्हणून मी तिला हात दिला. ती मधूनमधून "डावीकडे दगड आहे", "पायरी आहे" असं स्वतःशीच पुटपुटते. वय.

पहिले तीन दगड उत्तम. तिसऱ्याला बडवण्याआधी बेरिलने हात लावून पाहिला. पोरं हसली. मेंढीचं त्यांना कुणी सांगितलं?

मग इव्हसनचं फाटक. डग तिथे टोपी हातात घेऊन उभा होता. व्हिकारबाईंनी कोकरांसाठी प्रार्थना म्हटली. मी आधारासाठी खांबाला धरलं. कापलेल्या दोरीचा तुकडा तिथेच लोंबत होता. गाठ शाबूत.

बोटांनी चाचपली. दोन वेढे, आतून एक, वरून आवळ.

मी डगला विचारलं, हे फाटक उघडं ठेवायचं असतं हे माणसाला कळणार कसं? पाटी नको का लावायला?

डग म्हणाला, "आहे की बाई. तुमच्या नाकासमोर. गेल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात, अक्षरं मोठी काढ. वितीएवढी काढलीत, लाल रंगात."

मी पाहिलं. लाल काहीतरी होतं. मला ते गंजलेलं पत्र्याचं पिंप वाटलं होतं.

बेरिलने माझा दंड घट्ट धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चला, चौथा दगड लांब आहे." उरलेले चारही दगड तिनेच दाखवले. काठी मात्र माझ्या हातात होती. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवार, २६ मे

बँक हॉलिडे. टपाल नाही, म्हणून स्वतः नेऊन देणार. समितीसाठी मसुदा:

मिसेस टॅटरसॉल यांस,

इव्हसन यांचं फाटक १० मे रोजी मी बंद केलं आणि बांधलं. मिस्टर पेनरोज यांनी ते बंदच पाहिलं आणि नियम पाळला. माझी सूचना काचेवरून आजच काढावी आणि हे पत्र त्याच जागी, त्याच उंचीवर लावावं. पेनरोज यांची माफी मी त्यांच्या दारात जाऊन मागेन. समितीने आपली वेगळी मागावी, कारण चौकशी न करता तुम्ही केक घेऊन आलात. डगकडे मी आधी जाणार आहे. त्याला काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

पुढची काठी पेनरोज यांना द्यावी. तिसरा दगड त्यांना मी दाखवीन, कारण डोकं माझं आपटलं होतं.

पाटीच्या लाल रंगाबद्दल माझी तक्रार कायम आहे.

या सर्वांचं उत्तर लेखी हवं. शुक्रवार, ३० मे, सायंकाळी पाचच्या आत. गुरुवारी मी नसेन. बेरिल मला गाडीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते आहे.

अक्षर मोठं काढावं. नाहीतर पत्र बेरिल मला वाचून दाखवते, आणि मला वाईट वाटेल असं काही आलं की ती ते गाळते.

फिलोमिना गार्साइड