फिदेओची दाढ

बाबा,

रविवारी निखाऱ्यावर भाजलेल्या बरगडीचं हाड फिदेओला टाकून तुम्ही पाहुण्यांना म्हणालात, "कुत्र्याला कसला ब्रश? आमच्या पोराची नाटकं! हाडानंच दात साफ होतात." झाले साफ. फुटलेली दाढ आज डॉक्टरांनी काढली. तुमच्या येर्बा चहाच्या डब्यावर ठेवली आहे, पाहुण्यांना दाखवा.

मी मोंतेविदेओला निघालो. तिथल्या खोलीवर कुत्रा चालत नाही. फिदेओचं तोंड बरं झालं की उरलेले दात रोज घासा, त्याच्या कोंबडीच्या चवीच्या पेस्टनं. आपली नको, तो गिळतो. गुरगुरला तर खाली बसून समजूत काढा. माझ्यावर ओरडायचात तसं नको.

दाढ गेली तरी तुम्हाला बघून तो शेपूट हलवतो. मला शेपूट नाही, म्हणून चिठ्ठी.

उलिसेस