उत्तर सी

३ जून
रात्रभर झोप नाही, पण आनंदानं. उदगीरहून आलो, इथं कानडी मुलखात हेब्बाळला दोन खोल्या मिळाल्या. आतल्या खोलीत ओटा, नळाला पाणी. श्रीकांतदादानं निघताना ही वही दिली, करमलं नाही की लिहीत जा म्हणाला. मी सातवीच शिकलेली. ह्यांना पीएचडीला घ्यायलेत, नुसती इंग्रजी ऐकायची परीक्षा राहिलीय. फळीवर आधीच्या भाडेकरूचा स्पीकर होता, त्यातच सरावाचं रेकॉर्डिंग निघालं. एक बाई बोलते, प्रश्न विचारते, ए, बी, सी अशी तीन उत्तरं सांगते, मग थांबते. पहाटेपर्यंत तेच चालू. आमची ओवी अडीच वर्षांची. मांडीवरून सारखं विचारी, आई, ती बाई कुठंय?

९ जून
मालकीणबाई सगुणाक्का. इथलेच जुने मराठी लोक. स्वल्प साखर दे म्हणत आल्या आणि स्पीकर ऐकून दारातच थांबल्या. म्हणाल्या, हा तर आधीच्या भाडेकरणीचा आवाज. पण तिला कुठं इंग्रजी येत होतं? ती गेली कुठं, विचारलं, तर सरी सरी, बरं बरं, म्हणत निघाल्या. साखर राहिलीच.
संध्याकाळी ह्यांना उत्तर येईना. बाई थांबली आणि ओवी म्हणाली, "सी." बरोबर निघालं. ह्यांनी तिला खांद्यावर घेऊन नाचवलं. मी पण हसले.

१५ जून
ओवी आता मराठी बोलतच नाही. हे म्हणाले, तू पण बोलू नको तिच्याशी, बिघडवशील. दुपारी रडून रडून इंग्रजीत काहीतरी मागायली. पाणी दिलं, भात दिला, सगळं फेकलं. ह्यांना विचारलं तर हसले. म्हणाले, "ऐकून कळत नाही तुला. आईच्या परीक्षेत नापास." काय मागत होती ते सांगितलंच नाही. लेकरू उपाशी झोपलं.

१८ जून
हे कामावर गेल्यावर सगुणाक्कांच्या लेकीला, भव्याला बोलावलं. कॉलेजात जाते. म्हटलं, काय म्हणते ही बाई ते सांग. ती ऐकत गेली तशी पांढरी पडली. मला म्हणाली, अक्का, हे तुमचंच घर आहे. नळ, ओटा, फेकलेला भात. आणि प्रश्न आहे, ह्या मुलीची आई कोण?
ए, शेजारीण. बी, ही भात देणारी. सी, मी.
ओवी म्हणाली, "सी."
भव्या चप्पल टाकून पळाली.

१९ जून
स्पीकर पाण्याच्या बादलीत बुडवला. तरी बोलतोय — आता आवाज माझा. ओवी बादलीला गाल लावून बसली. हाक मारली — ओवी, ओवी — माझ्याकडं बघितलंच नाही.
ह्यांनी मला आत कोंडलं. परीक्षा होईपर्यंत गप बस म्हणाले.

२० जून
घशातून नुसती हवा —
बाहेर ती बाई ओवीला निजवतेय. माझ्या आवाजात. हे हसतायत —
वही खिडकीतून टाकते. ज्याला सापडेल त्यानं माझ्या भावाला फोन करा, श्रीकांत, नंबर पहिल्या पानावर आहे. लेकराला घेऊन जा म्हणावं. इथं फोन लावला आणि माझ्या आवाजात कुणी इंग्रजी बोललं तर ती मी नाही, मला इंग्रजी ये