तांबडीला दिलेली गोळी

अण्णा, तांबडीला तुम्ही मारलंत तो दिवस मी विसरलेले नाही. येलदरीला धरणाच्या काठी आपलं घर, ओट्यावर तुमचं जाळं वाळत घातलेलं. माशांच्या वासानं आपल्या या कुत्रीनं ते फाडलं आणि तुम्ही होडीचं वल्हं उचललंत. पहिला फटका पाठीवर, दुसरा पोटात. ती भिंतीवर जाऊन आदळली, तरी तुम्ही थांबेनात. आई मध्ये पडली, तर तिच्या मनगटावर वल्हं बसलं. बांगड्या फुटल्या, रक्ताची धार लागली. "अण्णा, मरंल ना ती!" म्हणून मी किंचाळले, तर माझ्या कानशिलात बसली. "मरू दे! मधी आलीस तर तुलाबी घालतो पाण्यात."

दुसऱ्या दिवशी तांबडीला उठता येईना. तुम्ही बराच वेळ तिच्याजवळ उकिडवे बसून होतात. मग तुमच्या कंबरदुखीच्या गोळ्यांतली एक काढून भाकरीच्या तुकड्यात दाबून तिला चारलीत. सांजच्याला आणखी एक. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी ती अंगणात बसली आणि तिला डांबरासारखी काळी, चिकट शी झाली. वास असा की आईनं नाकाला पदर लावला. "रक्त हाय ह्ये," ती म्हणाली. "काय तरी काळं खाल्लं असंल," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी तांबडी गेली. खड्डा तुम्हीच खणलात. तुमच्या वल्ह्यानं तिचा जीव घेतला हे मी तेव्हाच ठरवून टाकलं आणि नंतर तुमच्याशी कधी धड बोलले नाही. तुमच्या शेवटच्या आजारातही नाही.

आता मी वालूरला शाळेत शिकवते. घरी एक कुत्रा आहे. या उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या कुरडया त्यानं तुडवल्या. मी त्याला कठड्यापाशी गाठलं आणि लाथा घातल्या, बरगड्यांत, पोटात, दम लागेपर्यंत. तो तीन पायांवर खुरडत निघाला तेव्हा मी भानावर आले. माझी गुडघेदुखीची गोळी दुधात विरघळवून त्याला पाजली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशीही. मग एका सकाळी फरशीवर तीच काळी, डांबरासारखी शी दिसली आणि मी त्याला उचलून घेऊन निघाले.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ उचलून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक. "लाल रक्त पडलं तर ते बहुतेक खालच्या आतड्यातलं असतंय. असं काळं म्हंजे वर, पोटात रक्त झिरपायलंय. माणसाची दुखण्याची गोळी दिलती का?"

"दिलती. तीन दिवस."

"अवो बाई, त्यानं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात. मरतंय जनावर! आन् लागलं कशानं त्याला?"

"गाडीची धडक बसली," मी म्हणाले.

सलाईनं, इंजेक्शनं झाली. आठवड्यानं शी पुन्हा नेहमीसारखी तपकिरी झाली. आता तो खातो, पण मी जवळ गेले की अंग चोरतो.

तांबडी वल्ह्यानं गेली की गोळीनं, हे आता कोण सांगणार? गोळी देताना तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवत होतात. ते मी तेव्हाही पाहिलं होतं, पण कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही.

हे पत्र पाठवायला पत्ताच नाही, म्हणून लिहिते. गाडीबिडी काही नव्हती, अण्णा. पहिल्याच लाथेला तो आडवा होऊन निपचित पडला होता. पुढच्या सगळ्या मी मारल्या, कारण मारताना मला बरं वाटत होतं.