ॲश्टन ते स्टेलीब्रिज, तिसऱ्या कडव्यासह

ॲश्टन, मंगळवार

फ्लीटवुड मुक्कामी थोरली बहीण एनिडताई हिला धाकट्या हेडलीचा वाकून नमस्कार. (हल्ली एकदा वाकलो की लवकर सरळ होता येत नाही, तेव्हा हा नमस्कार पुढच्या पत्रापर्यंत चालू आहे असं समज.) तुझ्या पायाचं कुरूप कसं आहे? शेजारणीचा कुत्रा अजून तुझ्याच दारात बसतो का? समुद्राची हवा तुला मानवते हे वाचून बरं वाटलं. मला आता कुठलीच हवा मानवत नाही. मला तुझ्याकडून काहीही नको, मदत नको, सल्ला तर नकोच. फक्त एका बुडालेल्या माणसाची हकीकत ऐकून घे. बुडालेला म्हणतो खरा, पण जिथे बुडायचं तिथलं पाणीही मीच घालवून बसलो.

मर्टल बूथबद्दल तुला मागे लिहिलं होतं. क्लिफर्ड बूथ प्लंबरची विधवा, जी आमच्या धक्क्याला नावेवर राहते तीच. नावेचं नाव 'निवृत्त प्लंबर'. क्लिफर्डने हौसेने रंगवलं आणि रंग वाळायच्या आत तो गेला. त्याला अकरा वर्षं झाली. ही अकरा वर्षं दर गुरुवारी मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन तिच्या नावेवर जातो, ती चहा करते, मी आडवे शब्द सोडवतो, ती उभे. अकरा वर्षांत मी तिला कोड्याबाहेरचा एक शब्द बोललेलो नाही. (तू म्हणशील, भित्रा. आई असंच म्हणायची.) आणि गेल्या गुरुवारी तिने बशीत बिस्किटं ठेवता ठेवता सांगितलं, मी नाव घेऊन डोंगरापलीकडे भाचीकडे जातेय, कायमची. शनिवारी निघणार, सोमवारी स्टेलीब्रिजला गॅसची टाकी घेणार आणि दुपारी दोनला पुढे सुटणार. डोंगरापलीकडे म्हणजे कुठे, ते मी या कागदावर लिहिणार नाही. आपले वडील त्या पिढीजात वैरी परगण्याचं नाव जेवणाच्या टेबलावर काढू देत नसत.

तेव्हा सोमवारी दोनच्या आत स्टेलीब्रिज गाठायचं आणि 'जाऊ नका' एवढे दोन शब्द बोलायचे, असं मी ठरवलं. बसने पंधरा मिनिटं लागतात. पण ताई, असल्या कामाला कोणी बसने जातं का? ऑलरेनशॉ मास्तरांनी शिकवलेल्या एका तरी कवितेत कोणी बसने गेलाय का? मी कालव्याकाठच्या पायवाटेने जायचं ठरवलं. पूर्वी जिथून घोडे नावा ओढत नेत, तीच वाट. अडीच मैल. खिशात बाजारातला गरम बटाट्याचा पाय (सारण भरून भाजलेला, खायचा; मर्टलला आवडतो), अंगात तो तपकिरी कोट, आणि अकराच्या ठोक्याला प्रस्थान.

सुरुवातीलाच बोगदा लागतो. तुला आठवतो तो नव्हे, तो पाडला. आता कालव्याच्या डोक्यावर एक भलंमोठं सुपरमार्केट बांधलंय. वर लोक कोबी निवडतात आणि खालून आपण चालतो. आत आवाज फार छान घुमतो. मला मोह आवरला नाही आणि मी आपली ती आगबोटीची कविता सुरू केली. पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि मग नेहमीप्रमाणे भिंत. तुला ती भिंत चांगलीच माहीत आहे. मी नऊ वर्षांचा, शाळा तपासायला आलेले साहेब समोर बसलेले, आणि मला तिसरं कडवं आठवेना. तू मागच्याच बाकावर होतीस. तुला पाठ होतं. तू ओठ हलवला नाहीस, का तर मी तुझी टॉफी खाल्ली होती. मी तुला क्षमा केलेली आहे, दर वर्षी करतो.

बोगद्यात मागून एक सायकलवाला आला. त्याने घंटी वाजवली, मी 'सॉरी' म्हणून डावीकडे सरलो. तोही 'सॉरी' म्हणत डावीकडेच वळला. मग दोघेही सॉरी सॉरी म्हणत उजवीकडे. असं चार वेळा झाल्यावर तो खाली उतरला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही एक ठरवा, मी त्याच्या उलट जातो." आता ठरवता आलं असतं तर अकरा वर्षं शब्दकोडी सोडवत बसलो असतो का?

नदीवरच्या पुलापाशी बदकहंसांनी गाठलं. कॅनडाहून आलेली ही जात पाहुणी म्हणून आली आणि आता घरमालकासारखी वागते. त्यातला एक नर मान आडवी करून फुत्कारत वाटेच्या मधोमध उभा राहिला. मी त्याला सभ्यपणे समजावलं. त्याने माझ्या खिशाकडे पाहिलं. पुढचं लिहवत नाही. पायचं वरचं कवच तेवढं उरलं, तेही मी स्वतःच खाऊन टाकलं, अश्रू आवरायला तोंडात काहीतरी हवं होतं म्हणून.

तरी वेळ होता. साडेबारालाच मी स्टेलीब्रिजच्या खालच्या पाणपायरीशी पोचलो होतो. (पाणपायरी म्हणजे नावा चढवाय-उतरवायची ती दोन्हीकडे दारं असलेली दगडी पेटी. आपल्या लहानपणी तिथे कालवा बुजवलेला होता आणि वर आपण चेंडू खेळायचो. आता उकरून पुन्हा पाणी आणलंय. बालपण कोणी असं उकरून देत नाही.) तिथून एक नाव खाली उतरत होती. वर डेरेक नावाचा एकटाच इसम, हात गळ्यात बांधलेला. मला पाहून ओरडला, "काका! देवासारखे आलात! मी बाहेर पडलो की मागचं दार लावता का? खालची झडप पाडून पाणी बंद करा आणि मग वरची उघडून पेटी भरून ठेवा. माझा मेव्हणा मागून येतोय, त्याला तयार मिळेल." आणि झडप फिरवायचं लोखंडी हँडल माझ्या हातात. "हे चहाच्या दुकानात ठेवा, मी उद्या-परवा नेईन."

ताई, आपल्याकडे कालव्याकाठी कोणी मदतीचा हात मागितला तर नाही म्हणायची पद्धत नाही, हे तुला सांगायला नको. आणि मागून येणाऱ्या अनोळखी नावेसाठी पेटी भरून ठेवणं हे तर पुण्यकर्म. नाव बाहेर पडली. मी दाराच्या तुळईला पाठ लावून जोर केला, ते मोठं काळं दार सावकाश हललं, पाणी चमकलं, आणि अगदी त्या क्षणी, सदुसष्ट वर्षांनी, मला तिसरं कडवं आठवलं!

दिवा धरून तू धक्क्यावरती, नाव उभी पाण्यात,
निरोप देण्यापूर्वी सखये, दे हातामधि हात.

संपूर्ण! एकही शब्द न गाळता! मी ते मोठ्याने म्हटलं. म्हणत म्हणतच वर गेलो आणि हँडल फिरवून वरची झडप उघडली. पाणी धो धो कोसळू लागलं. मला वाटलं, टाळ्या. मी चक्क टोपी काढून वाकलो आणि हँडल खिशात घालून निघालो. खालची झडप पाडायची राहिली होती. म्हणजे वरून पाणी आत आणि आतलं पाणी सरळ बाहेर. मी स्टेलीब्रिजच्या कालव्याचं बूच काढून, कविता म्हणत, निघून गेलो होतो.

चहाचं दुकान सोमवारी बंद असतं. मी दारातल्या बाकावर बसलो. तिथून कालवा दिसत नाही, मध्ये इमारत आहे. दोन शब्दांचा सराव करायचा होता. 'जाऊ नका' की 'नका जाऊ'? पहिल्यात हुकूम वाटतो, दुसऱ्यात रडवेपणा. मग तिसरं कडवंच म्हणावं का? त्यात सगळं आलंय. या विचारात घड्याळात सव्वादोन वाजले. मी धावलो. (धावलो हा शब्द तू मनाने कमी करून वाच.)

'निवृत्त प्लंबर' गेली नव्हती. जाणार कशी? ती चिखलात एका कुशीवर कलंडून पडली होती. कालव्यात पाण्याऐवजी दोन सायकली, बाजारातली एक ढकलगाडी आणि वीतभर काळा रबडा. मर्टल तिरक्या डेकवर तिरकी उभी. कपबशा फुटल्या होत्या. क्लिफर्डचा फोटोही पडला होता.

"बघा हेडली! कोणा गाढवाने दोन्हीकडच्या झडपा उघड्या टाकल्या! हातात सापडला ना, तर याच चिखलात उभा रोवीन!"

माझ्या खिशात ते हँडल मणाचं झालं. मी काय केलं असेल? मी म्हणालो, "गाढव कसला, नीच आहे नीच!" ती म्हणाली, "आंधळा असणार." मी म्हणालो, "आणि बहिरा! जन्मात दुसऱ्याचा विचार न केलेला!" अर्धा तास आम्ही मला शिव्या घालत होतो. माझ्याच शिव्या जास्त मोलाच्या होत्या. शेवटी तिलाच दया आली, म्हणाली, "जाऊ द्या हो, असेल बिचारा कोणी म्हातारा." मग तिने विचारलं, "पण तुम्ही इथे कसे?" आणि मी, एनिडताई, मी म्हणालो, "काही नाही, फिरायला आलो होतो."

कालव्याची माणसं आली. म्हणाली, पाणी भरायला गुरुवार उजाडेल. मी बसने परत आलो. व्हिनेगर घातलेले काळे वाटाणे समोर ठेवून ते थंड होईपर्यंत बघत बसलो. गुरुवारी पाणी चढेल आणि ती जाईल. ज्याच्यामुळे तीन दिवस थांबली त्याला ती गाढव म्हणते, आणि ज्याने थांब म्हणायचं तो फिरायला आलेला असतो. आता कविताही नकोत. वही अडगळीत टाकली.

तुझा, कुठल्याच कडव्यात न बसणारा,
हेडली

ता. क. वर म्हटलं की काही नको, पण एक बारीक काम आहे. सोबतच्या पुडक्यात ते हँडल आहे. तुमच्या गावची नदीपार जाणारी होडी पकड आणि मधोमध गेल्यावर पाण्यात सोड. कोणी बघत नाही ना, ते बघ. डेरेकला मी दुसरं विकत घेऊन ठेवीन.

ता. क. दुसरा (बुधवार). पुडक्यात हँडल नाही म्हणून शोधू नकोस. टपालात टाकायला निघालो तर दारात मर्टल उभी, बुटांना चिखल. आज डेरेक चहाच्या दुकानात हँडल मागायला गेला होता. कोणाला दिलंस म्हणून लोकांनी विचारलं, तर म्हणाला, नाव ठाऊक नाही, तपकिरी कोटातला एक म्हातारा, मी वळणाआड जाईपर्यंत आगबोटीची कविता ओरडत होता. ती म्हणाली, "अख्ख्या कालव्यावर असं गाढव एकच आहे, हे मी अकरा वर्षं ओळखून आहे. आता खरं सांगा, फिरायला आला होतात?" मी तिसरं कडवं म्हटलं. ती पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "एवढं म्हणायला तुम्हाला अख्खा कालवा रिकामा करावा लागला?" आणि टेबलावरचे ते सोमवारचे थंड वाटाणे खाऊन टाकले.

ता. क. तिसरा (गुरुवार सकाळ). पाणी चढलं. ती भाचीकडे जातेच आहे, बेत बदलायची बाई नाही ती. पण पुढे सत्तरेक पाणपायऱ्या आहेत आणि तिचा खांदा दुखतो. हँडल मी फिरवायचं. (डेरेकला तिने क्लिफर्डचं दिलं.) तेव्हा ताई, खरं काम असं की पत्र मिळताच पहिल्या गाडीने इकडे ये आणि माझं मांजर सांभाळ. ते चावतं, पण आधी गुरगुरून सांगतं. किल्ली कुंडीखाली आहे. कधी परत येऊ ते माहीत नाही. यॉर्कशर, एनिडताई! वडिलांना काय वाटत असेल! आणि तिने एक अट घातलीय, जी माझ्यासारख्याला मरणप्राय आहे: झडप पाडून झाल्याशिवाय कवितेचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही.